तुमचे प्रश्न: ‘अंजनाबाई येईल’ म्हणतात ती कोण?

प्रश्न: माझी मुलगी चार वर्षांची आहे. जेवत नसली की सासूबाई तिला ‘गप जेव, नाहीतर अंजनाबाई येईल’ म्हणतात. मी विदर्भातली, मला हे प्रकरण नीट माहीत नाही. खरंच असं काही झालं होतं का? – एक आई, इचलकरंजी

ताई, झालं होतं. आणि सासूबाईंना मी लगेच बोल लावणार नाही, कारण १९९६ ला मी कोल्हापुरात शाळेत होते आणि ते दिवस मला अजून दिसतात. आधी मी धाकट्या भावाला घेऊन चालत शाळेत जायची, ते बंदच झालं, आज्जी सोबत यायला लागली, आणि अंबाबाईच्या देवळात गेलो की आई भावाच्या सदऱ्याचं टोक आपल्या पदराला गाठ मारून बांधायची. तो रडायचा, सदरा चुरगळायचा, पण दर्शन होऊन बाहेर येईपर्यंत गाठ सुटायची नाही. सगळ्या गल्लीचं तेच होतं, संध्याकाळी खेळायला पोरं नाहीत.

तर अंजनाबाई गावित, तिच्या दोन मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित, आणि रेणुकाचा नवरा किरण शिंदे. धंदा पाकीटमारीचा आणि गळ्यातलं मारायचा, जत्रेत, देवळात, स्टँडवर. १९९० च्या सुमाराला रेणुका एकदा चोरी करताना सापडली तेव्हा कडेवर तिचं स्वतःचं मूल होतं, तिने त्याच्याकडे बोट दाखवून कांगावा केला, लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल म्हणून लोकांनी सोडून दिलं. तिथून त्यांना सुचलं की कडेवर पोर असलं की सुटता येतं, मग दुसऱ्यांची पोरं पळवायला लागल्या. पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक, कोल्हापूर, सहा वर्षं हे चाललं. पोर कामाचं राहिलं नाही, आजारी पडलं, सारखं रडायला लागलं की मारून टाकायचं. आरोप १३ मुलं पळवल्याचा आणि ९ खुनांचा होता, त्यातले पाच खून वरच्या कोर्टापर्यंत सिद्ध राहिले.

पहिलं मूल एका भीक मागणाऱ्या बाईचं होतं. कोल्हापुरात देवळाजवळ सीमा पाकीट मारताना पकडली गेली तेव्हा लोकांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून अंजनाबाईने त्याला जमिनीवर आपटलं, आणि पुढे त्याला मारलंच. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. सहा वर्षं हे लपून राहिलं याचं मला वाटणारं एक मोठं कारण म्हणजे रस्त्यावरच्या बाईचं पोर हरवलं तर ती सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण.

उघडकीला आलं ते वेगळ्याच बाजूने. अंजनाबाईच्या नवऱ्याने तिला सोडून दुसरा संसार केला होता, त्याचा सूड म्हणून त्या घरातली मोठी मुलगी पळवून मारली आणि मग धाकटीवर नजर ठेवली. त्या मुलींच्या आईला संशय आला, तिने तक्रार केली आणि १९९६ ला या बायका पकडल्या गेल्या. पुढे घरातल्या एका वाढदिवसाचे फोटो पुरावा झाले, त्या फोटोंत पळवलेली मुलं बसलेली होती.

म्हणजे ही मुलगी पळवली ती ओळखीच्या माणसांनीच. पोत्यात घालून नेणारी बागुलबाई डोक्यात बसली की मूल अनोळखी म्हाताऱ्या बाईला घाबरतं आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल काही सांगत नाही. सासूबाईंशी भांडू नका, त्यांनाच एकदा दुपारी निवांत विचारा त्या वेळी तुम्ही काय पाहिलंत म्हणून, त्यांनाही कुणी कधी विचारलं नसेल, आणि मग हळूच सांगा की नातीला जेवायला लावताना ते नाव नको.

प्रश्न: एवढं करून फाशी का झाली नाही? आणि तो नवरा सुटला हे खरं का? – एक वाचक, सातारा

अंजनाबाई खटला सुरू व्हायच्या आधीच कोठडीत वारली. किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला म्हणून त्याला शिक्षा झाली नाही, राग येतो हे मान्य, पण आतल्या माणसाने सांगितल्याशिवाय बऱ्याच मुलांचं काय झालं ते कळलंच नसतं असं माझं मत आहे.

दोघी बहिणींना कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ ला फाशी सुनावली, हायकोर्टाने २००४ ला आणि सुप्रीम कोर्टाने २००६ ला ती कायम ठेवली. मग दयेचा अर्ज, आणि तो सरकारी टेबलांवर जवळजवळ आठ वर्षं पडून राहिला, २०१४ ला राष्ट्रपतींनी फेटाळला. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाने वेगळ्या केसमध्ये सांगितलं होतं की दयेच्या अर्जाला विनाकारण उशीर झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. त्याच मुद्द्यावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, गुन्हा भयंकरच आहे असंही म्हटलं, आणि लगेच सोडायची त्यांची मागणी मान्य केली नाही. माझा राग कोर्टावर नाहीये, तो ज्यांच्याकडे फाईल पडून होती त्यांच्यावर आहे, कारण इतकी वर्षं त्या आयांनाही वाट बघायला लावली.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पोरं पळवणारी टोळी आली आहे, साडीतल्या बायका आणि साधू, सगळीकडे फॉरवर्ड करा’ असा मेसेज आलाय. मी टाकला नाही तर एक काकू म्हणाल्या, गावित प्रकरण विसरलात का? – एक वाचक, पिंपरी

नाही टाकलात ते बरोबर केलंत. गावित प्रकरण आठवायचंच असेल तर पूर्ण आठवू या. तेव्हा गर्दीने बाई बघितली आणि सोडून दिली, कडेवरचं पोर कुणाचं, का रडतंय, त्याच्या अंगावर काय आहे हे कुणी बघितलं नाही. आता गर्दी फाटके कपडे बघते आणि मारते, पोराकडे आताही कुणी बघत नाही.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, त्यांच्यावर पोरं पळवणारे म्हणून जमाव धावला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारून टाकलं. आधी मोबाईलवर असेच मेसेज फिरत होते. त्यांच्याही घरी लेकरं होती. पुढे २०२४ ला धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली, म्हणजे आणखी सात घरं गेली. आणि सप्टेंबर २०२२ ला जत तालुक्यात लवंग्याला उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी काठ्या-पट्ट्यांनी मारलं, ते पंढरपूरला निघाले होते आणि एका मुलाला फक्त रस्ता विचारला होता.

काकूंना हे दोन्ही सांगा, चिडून नको, त्यांची भीती खरी आहे. आणि खरंच एखादं मूल कुणाबरोबर तरी अवघडलेलं दिसलं तर ११२ ला (पोलीस) किंवा १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा, जागेवर थांबा, मुलाला नजरेआड होऊ देऊ नका, पण हात उचलू नका आणि दुसऱ्यालाही उचलू देऊ नका.

प्रश्न: जत्रेत मूल चुकलं तर पोलीस २४ तास थांबायला लावतात ना? – एक बाबा, सांगली

असा कुठलाही नियम नाही. मे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बेपत्ता मुलाची तक्रार आली की पळवल्याचा किंवा विकल्याचा गुन्हा असू शकतो असं धरून लगेच एफआयआर नोंदवायचा. कुठल्याही ठाण्यात द्या, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती मागून घ्या. जाताना त्याच दिवशीचा फोटो हवा, म्हणून जत्रेत शिरायच्या आधी फाटकावर मुलाचा उभा फोटो काढायची सवय लावा, कपडे-चप्पल सगळं येईल असा. नंबर बॉलपेनने मनगटाच्या आतल्या बाजूला लिहून वर सेलोटेप लावा, घामाने जात नाही.

आणि नावं पाठ करून घ्या. माझी भाची पाच वर्षांची असताना जोतिबाच्या यात्रेत दहा मिनिटं चुकली होती, एका नारळवाल्या मावशींनी तिला आपल्या पाटीशेजारी बसवून ठेवलं आणि विचारलं आईचं नाव काय, तर ती म्हणाली ‘आई’. बाबांचं? ‘बाबा.’ मावशींनी धंदा सोडून तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि चौकीपर्यंत ओरडत गेल्या, कुणाची पोर हाय ही, कुणाची पोर हाय. आम्ही त्यांचा आवाज ऐकूनच धावलो.