यकृताच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिने उलटूनही थकवा आणि वेदना का राहतात?

तुमचा प्रश्न असा आहे: यकृताचा उजवा भाग काढून चार महिने झाले, स्कॅन आणि रक्ताचे अहवाल समाधानकारक आहेत, तरीही दुपारपर्यंत अंगातले त्राण संपते आणि उजव्या बरगडीखाली जळजळते. डॉक्टर ‘सगळे ठीक आहे’ म्हणतात, घरचेही आता तुम्ही बरे झालात असे धरून चालतात, त्यामुळे तक्रार तरी कशी करावी हे कळत नाही. वेदनाशामक गोळ्या कोणत्या चालतात आणि कामावर केव्हा परतावे, हेही तुम्ही विचारले आहे. माझी हीच शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिले आहे ते मी स्वतः सोसलेले आणि माझे सर्जन, वेदनातज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट यांना विचारून समजून घेतलेले आहे. औषधाचा कोणताही निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

अहवाल चांगले असणे आणि तुम्ही थकलेले असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. स्कॅनमध्ये गाठ दिसते, थकवा दिसत नाही. म्हणून जे वाटते ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, आणि ‘जरा अशक्तपणा आहे’ अशा मोघम शब्दांत सांगून चालत नाही. ‘अंघोळ केल्यावर अर्धा तास पडून राहावे लागते’, ‘एक जिना चढल्यावर बसावे लागते’, ‘वर्तमानपत्राचे एक पान वाचून होत नाही’ असे सांगितले की तेच डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात, कारण आता त्यांच्यासमोर तपासता येण्याजोगे लक्षण असते.

या थकव्याचे एक कारण स्वतः यकृतातच आहे. निरोगी यकृताचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग काढला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळू शकतो. कापलेला भाग परत फुटत नाही. राहिलेला भाग आकाराने मोठा होतो. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे महिनोन्महिने मंद गतीने चालू राहते. ज्यांना आधीपासून सिरोसिस (यकृत कडक होऊन त्यावर व्रण पडणे) किंवा दीर्घकाळचा हिपॅटायटिस (यकृताची सूज) आहे त्यांच्यात ती अधिक सावकाश आणि अपुरी होते. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या सुधारणेशी आपली तुलना करण्यात अर्थ नसतो; काढलेला भाग किती आणि राहिलेला भाग कसा, यावर सगळे अवलंबून असते.

पण माझ्या मते खरी गोम स्नायूंमध्ये आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. यकृत आपणहून वाढते. स्नायू तसे वाढत नाहीत. आजाराच्या काळात भूक मेलेली असते, शस्त्रक्रियेनंतर अंथरुणात दिवस जातात, शरीर स्वतःचेच स्नायू मोडून प्रथिने वापरते, आणि मांड्या, दंड, पाठ यांतली ताकद फार लवकर उतरते. सिरोसिस असल्यास ही झीज आधीच सुरू झालेली असते. वजनकाट्यावर ती नेहमी कळत नाही, विशेषतः पोटात किंवा पायांत पाणी साठलेले असेल तेव्हा. चार महिन्यांनंतर यकृताचे आकडे सुधारलेले असतात आणि माणूस मात्र खुर्चीतून हाताचा आधार घेऊन उठत असतो, त्याचे मोठे कारण हेच.

म्हणून विश्रांतीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. कर्करोगाशी निगडित थकवा हा श्रमाच्या थकव्यासारखा झोपेने भरून निघत नाही. जितके पडून राहावे तितके स्नायू आणखी उतरतात आणि थकवा वाढतो. या थकव्यावर ज्या उपायांच्या बाजूने चांगला पुरावा आहे, त्यांत नियमित आणि झेपेल इतका व्यायाम अग्रक्रमाने येतो. ‘झेपेल इतका’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सपाट जागेवर, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. आरंभी काही मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. दुसऱ्या दिवशी अंग अधिकच गळाले तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले असे समजून ते थोडे उतरवावे, पण चालणे बंद करू नये. पुढे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंडांना जोर देणे असे स्नायूंना काम देणारे व्यायाम घालावेत. जड वस्तू उचलण्यावर साधारणपणे पहिले सहा ते आठ आठवडे बंदी असते, कारण टाक्यांच्या जागी हर्निया होण्याचा धोका असतो. तुमचा तो काळ संपलेला असला तरी एकदा सर्जनकडून पोटाच्या भिंतीची तपासणी करून घ्यावी आणि मगच वजन वाढवावे.

मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय म्हणजे दिवसाची ताकद आधी वाटून ठेवणे. बरे वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकायची आणि मग पुढचे दोन दिवस निपचित पडायचे, हे चक्र फार जणांच्या वाट्याला येते. त्याऐवजी चांगल्या दिवशीही ठरल्याइतकेच करावे, मोठे काम तुकड्यांत करावे, अंघोळ आणि स्वयंपाक अशी बसून करता येतील ती कामे बसून करावीत, आणि ताकद संपण्याआधी थांबावे. दिवसा झोपायचे असेल तर दुपारी लवकर, अर्ध्या तासापेक्षा अधिक नाही.

आहाराविषयी थोडक्यात. यकृताच्या रुग्णाने प्रथिने कमी करावीत हा जुना समज अजून टिकून आहे आणि तो नुकसान करतो. सिरोसिस असलेल्यांनाही दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. दुसरे म्हणजे रात्रीची उपाशी वेळ लांबू देऊ नये. यकृतात साखरेचा साठा कमी राहत असेल तर रात्रभरच्या उपवासात शरीर पुन्हा स्नायूंकडे वळते. म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाण्याचा सल्ला देतात. तीन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा लहान खाणी पोटालाही सोयीची पडतात.

थकवा केवळ शस्त्रक्रियेमुळेच आहे असे धरून बसण्याआधी काही तपासण्या मागून घ्याव्यात. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, थायरॉईड, सोडियम, रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि अल्ब्युमिन (यकृत तयार करते ते रक्तातील प्रथिन) यांपैकी काही बिघडलेले असेल तर त्यावर उपचार करता येतो. रक्तदाब किंवा पोर्टल दाबासाठी (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील वाढलेला दाब) प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल यांसारखी औषधे चालू असतील तर तीही गळून गेल्यासारखे वाटण्याचे कारण असू शकतात. पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत. शस्त्रक्रियेच्या आगेमागे इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणारा उपचार) झाली असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण तिच्यामुळे थायरॉईड, पिट्युटरी किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे काम मंदावू शकते आणि त्याचे पहिले लक्षण कित्येकदा थकवा हेच असते. आणि मनाची उदासी हेही तपासण्याचेच कारण आहे. कशातच रस वाटत नसेल, पहाटे जाग येऊन मन जड होत असेल, तर त्यावरही उपचार आहेत.

आता वेदनेकडे वळतो. यकृताच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळत नाही. दुखते ते त्याच्या आवरणाला, पोटाच्या भिंतीला आणि कापल्या गेलेल्या मज्जातंतूंना. उजव्या बरगडीखालून जाणारा लांब छेद स्नायू आणि त्वचेकडे जाणारे बारीक मज्जातंतू तोडत जातो. त्यामुळे व्रणाभोवती बधिरपणा, जळजळ, मुंग्या, विजेसारखी कळ, किंवा कपडा घासला तरी नकोसे होणे हे अनुभव येतात. तुमच्या जळजळीच्या वर्णनावरून ती या प्रकारची असण्याची शक्यता आहे. अशी वेदना तीन महिन्यांनंतरही राहिली तर वैद्यकशास्त्र तिला शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना म्हणून वेगळे ओळखते आणि तिचे उपचारही वेगळे असतात. काहींचा उजवा खांदा दुखतो. छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाला जाणारा मज्जातंतू मानेतल्या ज्या भागातून निघतो त्याच भागाशी खांद्याची संवेदना जोडलेली असल्याने पोटातली चिडचिड तिथे जाणवते.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वसाधारण चित्र असे आहे. पॅरासिटामॉल यकृताला चालत नाही असा अनेकांचा समज असतो, पण योग्य मात्रेत तेच बहुधा पहिले औषध असते. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारणतः ४ ग्रॅम धरतात. यकृताचा आजार असल्यास अनेक डॉक्टर ती २ ग्रॅमवर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांवर आणतात. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या हिशेबात धरावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातील गोळ्या सिरोसिस असलेल्यांनी टाळाव्यात, कारण त्यांनी मूत्रपिंडाला इजा आणि रक्तस्राव होऊ शकतो. इतरांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी बद्धकोष्ठ आणि गुंगी येते, आणि यकृत कमजोर असेल तर त्यातून मेंदूवर परिणाम होऊन गोंधळलेपण येऊ शकते. झोपेच्या गोळ्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे. मज्जातंतूंच्या जळजळीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. ती मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, त्यामुळे यकृतावर त्यांचा भार कमी पडतो, मात्र सुरुवातीला चक्कर आणि झापड येते. व्रणावर लावायच्या लिडोकेनच्या पट्ट्याही मिळतात. ‘यकृत शुद्ध करणारे’ काढे, चूर्णे आणि पूरक गोळ्या यांच्यापासून मात्र दूर राहावे. त्यांतल्या काहींनी यकृताला थेट इजा होते, आणि आता तुमच्याकडे झीज सोसायला राखीव यकृत कमी आहे.

वेदना निमूटपणे सोसण्यात काही मोठेपणा आहे असे मला वाटत नाही. दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही, कुशीवर वळत नाही, झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा दुप्पट होतो. आधी वेदना आटोक्यात आली तरच चालणे शक्य होते. त्यामुळे वेदनातज्ज्ञाकडे पाठवा, अशी विनंती सरळ करावी. वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: वेदना शून्य ते दहापैकी किती, झोप कशी, किती चालणे झाले. दोन आठवड्यांची अशी वही दाखवली की बोलणे सोपे होते.

काही लक्षणांसाठी मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नये. ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप किंवा थंडी वाजणे, डोळे पिवळे होणे, गडद लघवी आणि फिकट शौच, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, पोट फुगत जाणे, एका पायाला सूज, धाप लागणे, दिवसेंदिवस वाढणारी वेदना, बोलण्यात गोंधळ किंवा हात थरथरणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्रभर जागे आणि दिवसभर झोपेत अशी उलटापालट नव्याने सुरू झाली असेल तर घरच्यांनी तिच्याकडे साधा थकवा म्हणून पाहू नये. यकृताचा मेंदूवर होणारा परिणाम कधीकधी असाच सुरू होतो.

प्रत्येक कळ उठली की ‘पुन्हा आले का?’ हा विचार येणे स्वाभाविक आहे. हा कर्करोग परत येण्याचे प्रमाण कमी नाही, म्हणूनच पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन आणि एएफपीची (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करतात. पण परत आलेली लहान गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. ती स्कॅनमध्येच सापडते. व्रणाच्या कळांवरून तर्क लढवण्यापेक्षा तारखा पाळणे अधिक विश्वासार्ह आहे, आणि हिपॅटायटिस बीसाठी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर चालू असेल तर एकही दिवस चुकवू नये.

कामावर परतण्याची सर्वांना लागू पडेल अशी तारीख नाही. बैठे काम असणारे काही जण दोन-तीन महिन्यांत परततात, अंगमेहनतीचे काम असणाऱ्यांना बराच अधिक वेळ लागतो. तुम्ही दुपारपर्यंत टिकता असे लिहिले आहे, म्हणून डॉक्टरांचे पत्र घेऊन प्रथम सकाळचा अर्धा दिवस मागावा, शक्य असल्यास एक दिवसाआड. जड उचलणे नको आणि मध्ये आडवे होण्यापुरती वेळ व जागा हवी, हे दोन मुद्दे त्या पत्रात स्पष्ट लिहून घ्यावेत. पूर्ण वेळ काम सुरू करण्याचा निर्णय किमान महिनाभर अर्धा दिवस झेपल्यानंतरच करावा, आणि त्या महिन्यात चालणे व जेवणाच्या वेळा ढासळत असतील तर अर्धा दिवस आणखी काही आठवडे तसाच ठेवावा.