22 आलं म्हणून फाइल मिटू नको

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. सोळा वर्षांचं लेकरू, दोनदा कावीळ झालेली, दोन्ही वेळा गावातच ‘उतरवून’ घेतलेली. आता हात थरथरतो, लाळ गळते, घरचे बाहेरचं काही असेल म्हणतात. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, 22 आलं आणि तू विल्सनवर, लिव्हर आणि मेंदूत तांबं साचवणाऱ्या त्या आनुवंशिक दुखण्यावर, काट मारलीस. का? विल्सनमध्ये ते बहुधा 20 च्या खाली असतं म्हणून? अगं, अंगात कुठं सूज, जंतुसंसर्ग असला की ते प्रथिन वाढतंच. एका आकड्यावर फाइल मिटायची नसते.

आधी शाळेच्या वह्या माग. सातवीची आणि दहावीची शेजारी ठेव, अक्षर कसं आकसत गेलं ते दिसेल. मग डोळे, आणि टॉर्चनं नाही, स्लिट लॅम्पवर, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या सूक्ष्मदर्शकावर. मेंदूची लक्षणं असली की बुबुळाच्या कडेचं तपकिरी कडं बहुतेकांत सापडतं. नुसतं लिव्हर धरलं असेल तर जवळजवळ निम्म्यांत नसतं, तेव्हा कडं नाही म्हणूनही फाइल मिटू नको!

मग 24 तासांच्या लघवीतलं तांबं, विल्सनमध्ये ते वाढतं. पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकायची, दुसऱ्या सकाळची पहिली धरायची, कॅन लॅबचाच. हे बापाला तू स्वतः समजावून सांग, सिस्टरवर ढकलू नको. निम्मी लघवी शेतात गेली तर आकडा कमी येईल आणि तू पुन्हा मोकळी.

मी गरिबाला खर्चात पाडतो म्हणतात. पाडतो. तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामीन 1956 पासून आहे, तांबं अंगात शोषू न देणारं झिंक आहे. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, पण आनुवंशिक असून गोळीनं आटोक्यात राहणारी दुखणी आहेत किती? खर्चाचं बोलणाऱ्यांनी लिव्हर ट्रान्सप्लांटचं बिल बघावं.

आणि आई-बापाचं नातं विचारलंस? आपल्याकडं मामाची पोरगी करतात, माहीत आहे तुला. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. एका घरातला थोरला गोळ्यांवर सावरला. धाकटा ठणठणीत दिसतो म्हणून, कितीदा सांगूनही, आणलाच नाही. आणला तेव्हा पोटात पाणी झालेलं. ते पोट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुझ्या पेशंटला धाकटी बहीण आहे ना? शाळा बुडते म्हणतील, बुडू दे. सोमवारी बोलाव. तिचंही 22 आलं तर मला फोन नंतर कर, आधी कॅन दे.