मुलीला पहिल्यांदा शिबिराला पाठवताना

ताई, टाइप १ मधुमेह असलेल्या लेकीला प्रथमच निवासी उन्हाळी शिबिराला पाठवताना तुमच्या जिवाची घालमेल होणे स्वाभाविक आहे. दिवसभर पोहणे, धावणे झाले की रक्तातली साखर केवळ त्याच वेळी नव्हे, तर पहाटे दोन-तीन वाजताही उतरू शकते. म्हणून शिबिरातले इन्सुलिनचे डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, स्वतःच्या अंदाजाने बदलू नका. रात्री साखर कोण तपासणार, हे आयोजकांना संकोच न करता विचारा; मी तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारते. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे तिलाही पाठ असू द्या. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नका. आमची एक बाटली प्रवासात तशीच गोठली आणि टाकून द्यावी लागली.

माझा मुलगा घरी मीच सुई टोचावी म्हणून हटून बसत असे. शिबिरात शेजारच्या मुलाने सदरा वर करून पोटावर सहज इंजेक्शन घेतलेले त्याने पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी स्वतःच इन्सुलिनचे पेन हातात घेतले.