‘दाम’ ग्रीक आहे का?

‘दाम करी काम’ आणि ‘दामदुप्पट’ यांतील ‘दाम’ मूळचा ग्रीक आहे का, आणि असल्यास त्या नाण्याला ग्रीक नगरराज्यात किती मोल होते, अशी पृच्छा एका वाचकांनी केली आहे. शब्द ग्रीकच आहे. ‘द्राख्मे’, संस्कृत ‘द्रम्म’, प्राकृत ‘दम्म’ आणि मराठी ‘दाम’ अशी त्याची परंपरा असून ‘दमडी’ही त्याच कुळातली आहे.

‘द्राख्मे’ म्हणजे मूठभर. मूठभर काय, तर लोखंडी सळया. नाणी पाडली जाण्यापूर्वी अशा सळया चलन म्हणून वापरल्या जात आणि सहा सळया एका मुठीत मावत, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिले आहे. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात अशा सळयांची जुडी उत्खननात सापडली असल्यामुळे ही हकिकत निव्वळ दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही. सळईला ‘ओबोल’ म्हणत. चांदीची नाणी आल्यावरही सहा ओबोलांचा एक द्राख्मे हे कोष्टक तसेच राहिले. अथेन्सच्या द्राख्मेत सुमारे ४.३ ग्रॅम चांदी असे आणि ती बहुतांशी लॉरिऑनच्या खाणींतून येई.

मोलाविषयी सर्वांत भरवशाचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरील एरेख्थिऑन मंदिराच्या इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या बांधकाम-हिशेबांत कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मे अशी नोंदलेली दिसते, आणि ती नागरिक, परदेशी रहिवासी व गुलाम या तिघांनाही सारखीच लावलेली आहे. (गुलामाची मजुरी त्याच्या हाती किती राहत असेल, हा भाग निराळा.) राज्यकारभारातील हक्क मात्र तिघांपैकी फक्त नागरिकाला, आणि त्यातही पुरुषालाच होता.

त्या हक्काचाही दाम ठरलेला होता. तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून दरवर्षी सहा हजार न्यायपंच चिठ्ठ्या टाकून निवडले जात. त्यांना अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने दोन ओबोल रोज सुरू केला आणि त्याच्यामागून आलेल्या क्लिऑन या पुढाऱ्याने तो तीनवर नेला. कारागिराच्या मजुरीच्या निम्माच हा मोबदला असल्यामुळे धट्टाकट्टा माणूस त्यासाठी काम सोडणार नाही, पण थकलेल्या म्हाताऱ्याला तो आधार वाटेल, हे उघड आहे. अॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२२ मधील ‘गांधीलमाश्या’ या नाटकातला म्हातारा पंच नेमका असाच आहे: तो घरी आला की मुलगी त्याचे पाय धुते, लाडाने ‘बाबा’ म्हणत मुका घेते आणि जिभेने त्याच्या तोंडातले तीन ओबोल अलगद काढून घेते. बारीक नाणी गालात धरून नेण्याची तिथे रीतच होती, म्हणून प्रेक्षकांना हा विनोद समजावून सांगावा लागला नसेल. लोकसभेच्या बैठकीला येणाऱ्यांना मात्र इ.स.पू. ४०३ नंतरच भत्ता मिळू लागला. त्याआधी बाजारचौकात रेंगाळणाऱ्यांना शेंदरी रंगात भिजवलेल्या दोराने सभास्थानाकडे हाकलावे लागे.

हे नाणे आपल्याकडे आले ते अथेन्सहून नव्हे, तर बॅक्ट्रिया (आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग व आसपासचा प्रदेश) आणि वायव्य भारतातील यवन म्हणजे ग्रीक राजांमुळे. अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्राख्मे भरुचच्या बाजारात चालत असल्याचे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. पुढे कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ‘द्रम्म’ येतो, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) सोळा पणांचा एक द्रम्म व सोळा द्रम्मांचा एक निष्क असे कोष्टक दिलेले आहे. नाव टिकले, पण चांदी टिकली नाही: अकबराच्या काळातला दाम तांब्याचा होता आणि रुपयाला चाळीस मिळत.

‘दामोदर’ या नावातला ‘दाम’ मात्र वेगळा. तो संस्कृत ‘दामन्’ म्हणजे दोरी, आणि गुराचे ‘दावे’ त्याच्यावरून आले आहे.