बिडाच्या भांड्यातला आयरिश पाव

प्रश्न : आयर्लंडच्या खेड्यांत पूर्वी ओव्हनशिवाय सोडा ब्रेड कसा भाजत? आमचा घट्ट का होतो?

उत्तर : जाड बिडाचं तीन पायांचं भांडं विस्तवावर तापवून त्यात गोळा ठेवत. झाकणावरही पीटचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाचे, निखारे रचत. वरून आच नसेल तर पाव वर कच्चाच राहतो. तिथल्या गव्हात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, कमी, म्हणून यीस्टपेक्षा सोडा सोयीचा.

४५० ग्रॅम पिठाला चहाचा सपाट चमचाभर खायचा सोडा, तेवढंच मीठ, साधारण ३५० मिली आंबट, दाट ताक. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं! तुमचा घट्टपणा बहुधा मळण्यामुळेच. ताक पडताच वायू सुटतो, म्हणून लगेच भाजा. वर खोल फुली मारा, मध्य नीट शिजतो. पिवळे डाग, साबणाची चव आली तर सोडा जास्त झाला किंवा चाळला नाही.