डिस्प्ले गेला म्हणजे नक्की काय गेलं?

उन्हाळा तापला की लॅपटॉपच्या स्क्रीनबद्दलच्या प्रश्नांचा ढीग लागतो. बहुतेकांची तक्रार एकच: एक दुकानदार स्क्रीन गेली म्हणतो, दुसरा मदरबोर्ड, मग खरं कोणाचं धरायचं? डिस्प्ले दिसत नाही म्हणजे बहुधा तीन ठिकाणांपैकी कुठेतरी बिघाड असतो. एक पॅनेल, म्हणजे खुद्द स्क्रीन, दुसरी त्याच्याकडे जाणारी केबल, तिसरा बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड. यातलं काय बिघडलंय याचा बराचसा अंदाज घरच्या घरी येतो. तो घेतल्याशिवाय कोणालाही होकार देऊ नका.

लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, व्हॉट्सॲपची टिंगसुद्धा वाजते, पण स्क्रीन काळीठिक्कर. आमच्या बोलीत सांगायचं तर लॅपटॉप पार आंधया व्हई गया. दुकानात म्हणाले मदरबोर्ड गेला, चौदा हजार लागतील. एवढे घालू का?
– एक शिक्षिका, चोपडा

ताई, टिंग वाजते म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि विंडोज आपापलं काम करताहेत. नुसती काळी स्क्रीन पाहून कोणी चौदा हजार सांगत असेल, तर लॅपटॉप उचला आणि घरी या.

रात्री खोलीतला दिवा घालवा. लॅपटॉप सुरू करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरपा धरा आणि हळूहळू फिरवा. आयकॉन किंवा अक्षरं अंधुक का होईना दिसली, तर चित्र पॅनेलपर्यंत पोचतंय, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, लागत नाहीये. मग एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडा. चित्र आपोआप आलं नाही तर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. टीव्हीवर स्वच्छ चित्र आलं, तर चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्सचीही चिंता नको. लॅपटॉप डेलचा असेल तर आणखी एक सोय आहे. तो बंद करा आणि डी दाबून ठेवून पॉवरचं बटण दाबा. बऱ्याच मॉडेलांत स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक येतात. ते नीट आले तर पॅनेल शाबूत आहे.

बॅकलाइट न लागण्याचं कारण पॅनेलमधली एलईडीची पट्टी असू शकतं, तुटलेली केबल असू शकतं, नाहीतर बोर्डावरचा तिळाएवढा फ्यूज. या फ्यूजची मला पहिली शंका येते ती याआधी कोणी स्क्रीन उघडली असेल तेव्हा. बॅटरी न सोडवता डिस्प्लेची केबल काढली-लावली की तो उडू शकतो. मग नवं पॅनेल टाकूनही अंधार तो अंधारच, आणि ग्राहकाला सांगितलं जातं, ‘बोर्ड गेला’. चिप लेव्हल काम, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलायचं काम, करणाऱ्या माणसाकडे जा आणि ‘बॅकलाइटचा फ्यूज आधी तपासा’ असं स्पष्ट सांगा. फ्यूज मिळतो अगदी थोड्या पैशांत, द्यायची असते ती कारागिराची मजुरी.

झाकण ठरावीक कोनात धरलं तर स्क्रीन दिसते, जरा हललं की फडफडते किंवा पांढरी होते. उघडताना उजव्या बाजूने कटकट आवाज येतो. रोज भुसावळ-जळगाव अपडाऊन करतो, लॅपटॉप बॅगेत असतो. स्क्रीन बदलावी लागेल का?
– एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

नाही. कोनाप्रमाणे चित्र येत-जात असेल तर संशय केबलवर. ती बोर्डापासून निघून बिजागरीच्या आतून वर चढते आणि झाकण उघडलं-मिटलं की त्याच जागी दुमडते. पण भाऊ, तुमचं खरं दुखणं त्या कटकट आवाजात आहे.

लॅपटॉप टेबलावर ठेवा, झाकण सावकाश उघडा आणि बिजागरीजवळच्या कोपऱ्यात डोळा लावून पाहा. स्क्रीनभोवतीची चौकट आणि मागचं कव्हर यांच्यात फट पडतेय का? बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या खांबांत बसवलेल्या पितळी नटांमध्ये आवळलेले असतात. बिजागरी कडक झाली की ती फिरायच्या ऐवजी नटासकट खांबच उपटते. त्या ओढाओढीत केबल आधी ताणली जाते, मग तुटते. नुसती केबल बदलून घेतलीत तर नवीही त्याच वाटेने जाणार.

तेव्हा फट दिसली तर झाकण उघडंच राहू द्या आणि तसाच दुकानात न्या. आधी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवायला सांगा, कधी तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर केबल बदला, बिजागरीचा नट थोडा सैल करून घ्या, आणि खांब निघाले असतील तर मागचं कव्हर नवं टाका. ॲराल्डाइट भरूनही खांब बसवतात. घरात एका जागी असलेल्या लॅपटॉपला ते पुरतं, तुमच्या अपडाऊनला पुरणार नाही. आणि झाकण उघडताना कोपरा धरून ओढू नका, वरच्या कडेला मधोमध धरा.

स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक गुलाबी रेघ होती, आता तीन झाल्यात. कडेला दाबलं की जातात. सॉफ्टवेअरने जातील का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धुळे

दाबून जातात म्हणजे सॉफ्टवेअरचा संबंध नाही. तरी खात्री हवी असेल तर स्क्रीनशॉट काढ आणि मोबाइलवर पाहा. त्यात रेघा नसतील तर दोष स्क्रीनच्या बाजूला आहे. पॅनेलच्या काचेला कडेने चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांमधून एकेका उभ्या रांगेला सिग्नल जातो. तो जोड सुटला की रेघ येते. हा जोड गावातल्या दुकानात दुरुस्त होत नाही, पॅनेलच बदलावं लागतं. दाबत बसलास तर काच तडकेल. आधी वॉरंटी शिल्लक आहे का ते बघ. आपोआप आलेल्या रेघा सहसा वॉरंटीत बसतात, तडकलेली काच बसत नाही.

घाई मात्र नाही, तीन रेघांनी सबमिशन अडत नाही. घ्यायचं ठरलं तर जुन्या पॅनेलच्या मागचा नंबर जुळवूनच घे. १५.६ इंची पॅनेलच्या नंबरात बहुधा १५६ हा आकडा असतो. फुल एचडीच्या जागी कमी रिझोल्यूशनचं गळ्यात पडू देऊ नकोस. केबल ३० पिनची आहे की ४० ची, तेही बघ. नुसता पिनांचा आकडा जुळून भागत नाही, कारण एलव्हीडीएस या सिग्नलच्या जुन्या पद्धतीच्या पॅनेललाही ४० पिना असतात आणि ते नव्या लॅपटॉपला चालत नाही. नवं बसल्यावर पैसे द्यायच्या आधी पूर्ण पांढरी, काळी आणि लाल स्क्रीन करून मेलेले ठिपके शोध.

जिनिंगच्या ऑफिसातला लॅपटॉप अर्ध्या तासाने काळा पडतो. टीव्ही जोडला तर टीव्हीही काळा. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक.
– हिशेबनीस, धरणगाव

हा डिस्प्लेचा आजारच नाही. मागची झडप उघडून पंख्याच्या जाळीपाशी बघा, कापसाच्या तंतूंची गादी बसलेली असेल. हवा निघत नाही, मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद पडतं. साफ करून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप, बदलून घ्या. कापसाच्या हंगामात हे वरचेवर करावं लागेल.

२०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे, आय५, पाचवी पिढी. स्क्रीन फुटली. दुकानदार साडेपाच हजार सांगतो. मुलगी जूनमध्ये पुण्याला कॉलेजला जातेय, तिला हाच दुरुस्त करून द्यावा की नवा घ्यावा?
– एक पालक, अमळनेर

साडेपाच हजार हा भाव लुटीचा नाही. पण मुलीसाठी म्हणाल तर त्या लॅपटॉपवर मी ते घालणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. म्हणजे स्क्रीन नवी आणि आतलं मशीन यादीबाहेर. वर इतक्या वर्षांची बॅटरी. ती बदला, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क टाका, असं करत पैसे हप्त्याहप्त्याने निघत राहतात.

माझा हिशेब असा: लॅपटॉप धडधाकट असता तर आज सेकंडहँड बाजारात किती आले असते? दुरुस्ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसली तर डोळे झाकून करा. निम्म्यावर गेली तर थांबून विचार करा. तुमची निम्म्यावर जाईल अशी मला भीती आहे, शंका असेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार दुकानं फिरून भाव काढा. हाच लॅपटॉप २०२० नंतरचा असता तर मी उलट सांगितलं असतं.

मुलीला नवाच हवा असंही नाही. कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीपुढचे ऑफिस लॅपटॉप नीट तपासून, बिल आणि लेखी वॉरंटीसकट घेतले तर चांगली सेवा देतात. जुना भंगारात घालू नका. घरच्या टीव्हीला किंवा सेकंडहँड मॉनिटरला जोडा, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाका, दुकानाचा हिशेब आणि ऑनलाइन फॉर्म भरायला तो पुष्कळ आहे. एकच अट, टचपॅड किंवा कीबोर्ड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीय असं समजा. चार्जर काढा, वापर थांबवा, पुढचं सगळं नंतर.

कूलरसमोर बसून काम करतो. स्क्रीनच्या तळाशी डाग आणि बारीक रेघा आल्यात. काच पुसायच्या स्प्रेने रोज साफ करतो, तरी जात नाहीत.
– एक दुकानदार, शहादा

आबा, आधी तो स्प्रे ठेवून द्या. बहुतेक पॅनेलच्या खालच्या कडेत त्याचा सर्किट बोर्ड असतो. स्क्रीनवर मारलेला फवारा ओघळून थेट तिथे उतरतो. त्यात अमोनिया असेल तर वरचा थरही खराब होतो. कूलरची ओली हवा समोरून येतच असते. लॅपटॉप बंद करून एक दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवा, उन्हात नको. डाग फिके पडले तर निभावलं. रेघा राहिल्याच तर वर धुळ्याच्या मुलाला सांगितलं तेच. यापुढे पुसायला मऊ कापड किंचित ओलं करा, आणि ओलं कापडच करायचं, स्क्रीन नाही.