घरी वाघ, परगावी मांजर

या वेळी बडोद्याहून आलेल्या पत्रांत एकच दुखणं निरनिराळ्या तोंडांनी आलं आहे: फुटबॉलचा संघ घरच्या मैदानावर जिंकतो आणि बाहेर गेला की हरतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं जिथे लागली तिथे लांबवली आहेत.

आमचा इंग्लंडमधला आवडता संघ घरी तीन-तीन गोल मारतो, पण बाहेरच्या पहिल्या सहा सामन्यांत एकही जिंकलेला नाही. मॅनेजरला काढा, असं आमच्या कट्ट्यावर एकमत झालंय. तुम्हाला काय वाटतं? (दांडिया बाजार)

एकमत झालंच असेल तर आमची पंचाईत आहे, कारण निदान सहा सामन्यांपुरते तरी आम्ही मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य कोचच्या, बाजूने आहोत. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, एरवी शंभरातले पंचेचाळीसेक सामने यजमान जिंकतात, सत्तावीस-अठ्ठावीस पाहुणे आणि बाकीचे बरोबरीत सुटतात. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, म्हणजे मधल्या दर्जाचा संघ घरी सामन्यामागे साधारण १.६ गुण मिळवतो आणि बाहेरून १.१ घेऊन येतो. आता पाहुण्यांच्या विजयाची शक्यता २८ टक्के धरा. ओळीने सहा सामने विजयाविना जाण्याची शक्यता निघते १४ टक्के. वीस संघांच्या लीगमध्ये दोन-तीन संघांवर ही पाळी निव्वळ नशिबाने येणारच. दहा सामने विजयाविना गेले तर मात्र तीच शक्यता चार टक्क्यांच्या खाली येते. तिथून पुढे कट्ट्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं.

तोवर वहीत एक तक्ता करा. घरचे सामने कोणाशी झाले आणि बाहेरचे कोणाशी, हे समोरासमोर मांडा. हंगामाच्या सुरुवातीला वेळापत्रक तिरकं पडलेलं असतं: घरी वरच्या श्रेणीत नव्याने आलेले दुबळे संघ, बाहेर तगडे. परतीचे सामने सुरू झाले की ज्या प्रतिस्पर्ध्यांशी दोन्हीकडे सामना झालाय तेवढ्याच जोड्या मोजा, बाकीच्या सोडून द्या. शेजारच्या रकान्यात पहिला गोल कोणी केला आणि कितव्या मिनिटाला, ते लिहा. बाहेर पहिल्या वीस मिनिटांत गोल खाण्याची सवय असेल तर दोष बहुधा तयारीत आणि मांडणीत असतो. सत्तराव्या मिनिटानंतर सामना निसटत असेल तर बदली खेळाडूंकडे बघा. या दोन दुखण्यांवर औषधं वेगळी आहेत, आणि ‘संघात दम नाही’ हे निदान दोन्हींना लागू पडत नाही.

दोन उदाहरणं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. १९९१-९२ मध्ये हॉवर्ड विल्किन्सनच्या लीड्सने इंग्लंडची लीग जिंकली. पुढच्याच हंगामात, त्याच मॅनेजरच्या हाताखाली, त्यांनी बाहेरच्या २१ सामन्यांपैकी एकही जिंकला नाही: ७ बरोबरी, १४ पराभव. घरी मात्र १२ विजय, ८ बरोबरी आणि एकच पराभव. एकूण ५१ गुणांपैकी ४४ घरचे. १९९२ च्याच उन्हाळ्यात गोलकीपरला आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू (बॅकपास) हातात घ्यायला बंदी झाली होती. बाहेर दबावाखाली चेंडू मागे देऊन श्वास घ्यायची सोय त्या नियमाने गेली, आणि ती सोय पाहुण्यांनाच जास्त लागते.

दुसरं उदाहरण फुलहॅमचं. २००९-१० मध्ये रॉय हॉजसनच्या या संघाने लीगमध्ये बाहेर फक्त एक सामना जिंकला. पण त्याच वर्षी तो युरोपातल्या क्लबांच्या दुय्यम स्पर्धेच्या, युरोपा लीगच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि इंग्लंडमधल्या मॅनेजरांनी हॉजसनलाच वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर निवडलं. गुरुवारी युरोपात, रविवारी लीगमध्ये, असं खेळणाऱ्या लहान संघाला दमलेले पाय कुठेतरी लपवावे लागतात. ते बहुतेकदा बाहेरच्या लीग सामन्यात लपवले जातात. तुमच्या मॅनेजरने अकरा जणांत किती बदल केले होते, हाही एक रकाना करा.

सामना टीव्हीवर बघताना मॅनेजरची चूक ओळखायची कशी? (फतेहगंज)

चेंडू मिळवला त्या क्षणी सामना थांबवा, गोल झाला त्या क्षणी नव्हे. मैदानावर मधलं वर्तुळ आखलेलं असतं, त्याचा व्यास १८.३ मीटर. तीच पट्टी. आपला शेवटचा बचावपटू आणि सगळ्यात पुढचा स्ट्रायकर यांच्यामध्ये अशी दोन वर्तुळं मावून वर जागा उरत असेल तर संघ मधोमध तुटलाय. मग काय होतं? फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) घाबरून मागे ठेवलेलं असतं, त्याच्या मदतीला विंगरही (कडेचा आक्रमक) मागे आलेला असतो आणि स्ट्रायकर एकटा समोरच्यांच्या दोन सेंटर-हाफच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उभा असतो. बचावातून लांब मारलेला चेंडू त्याच्याकडे जातो, तो छातीवर घेतो आणि आजूबाजूला बघतो तर जवळचा साथीदार पंचवीस मीटरवर. पाच-सहा सेकंदांत चेंडू परत आपल्याच पेनल्टी बॉक्सपाशी, गोलसमोरच्या चौकोनापाशी. असं चाळीस वेळा झालं की एकदा कॉर्नर जातो, एकदा फ्रीकिक, आणि एकदा गोल. समालोचक म्हणतो, ‘बचाव ढिला पडला’. खरं तर बचावाला दम खायला मिळालाच नाही.

यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी पुढे धावणं नव्हे. सगळा संघच दहा मीटर वर सरकवायचा, आणि लांब मारलेल्या चेंडूखाली आपले तीन जण आधीच उभे असले पाहिजेत: एक उडी मारायला, दोन खाली पडलेला चेंडू उचलायला. ज्या मॅनेजरचा संघ बाहेर हरतो पण हे तिघे जागेवर दिसतात, त्याला आम्ही आणखी वेळ देऊ.

उलटी चूकही असते, आणि ती हुशार मॅनेजर करतात. घरी जशी बचावफळी मध्यरेषेला चिकटवून खेळवतात तशीच बाहेर. घरी चेंडू आपल्याकडे असतो म्हणून ते चालतं. बाहेर चेंडू हरवला की मागे चाळीस मीटर मोकळं रान.

बदली खेळाडूंचं घड्याळ बघा. प्रीमियर लीगमध्ये २०२२-२३ पासून पाच बदल करता येतात. मध्यंतर सोडून तीनदाच खेळ थांबवायचा. एका गोलने मागे असताना पहिला बदल पंचाहत्तराव्या मिनिटाला करणारा मॅनेजर वाट बघत बसलेला असतो. कशाची, ते त्यालाच ठाऊक.

आमचा सतरा वर्षांखालील मुलांचा संघ बडोद्यात कोणाला हरत नाही, पण सुरत, राजकोट, दाहोदला गेला की पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल खातो. मुलं घाबरतात का? (मांजलपूर)

घाबरत असतीलही, पण आधी गाडी, पोट आणि मैदान तपासा. पत्रात तुम्ही लिहिलंय की राजकोटला पहाटे चारला निघून दहाच्या सामन्याला नऊला पोचलात. पाच तास गुडघे मोडून बसलेल्या मुलाची मांडी आणि कंबर आखडते, झोप अर्धी झालेली असते, आणि कपडे बदलून वॉर्म-अपला वीस मिनिटंही उरत नाहीत. तुमच्या पहिल्या पंधरा मिनिटांचा हिशेब बहुतेक इथेच लागतो. राजकोटसारख्या गावी आदल्या रात्रीच मुक्काम करा. ते परवडत नसेल तर सामना दुपारनंतरचा मागा. सुरतेला सकाळी जाऊन चालेल, पण सामन्याच्या दोन तास आधी पोचायचं आणि दर दीड तासाला गाडी थांबवून मुलांना पाच मिनिटं पायी चालवायचं.

खाणं सामन्याच्या तीन तास आधी. पन्नास किलोच्या मुलाला शंभर ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पुरतात: साठ-सत्तर ग्रॅम कोरड्या पोह्यांची एक मोठी बशी आणि दोन केळी. वाटेत हॉटेल दिसलं म्हणून फाफडा-जिलबी नको, आणि बडोदेकरांना जड जाईल पण सेव-उसळही नको. तेल आणि कडधान्य पोटात रेंगाळतं, रक्त तिकडे जातं. सामना संपल्यावर खुशाल खा.

पाणी निघताना नव्हे, सामन्याच्या चार तास आधी: किलोमागे ५ ते ७ मिली, म्हणजे पन्नास किलोला २५० ते ३५० मिली, मग घोट-घोट. ओआरएसची पुडी बघून घ्या. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की द्रावण खारट-गोड आणि घट्ट होतं, मुलाला मळमळतं आणि दोष उन्हाला जातो. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. पन्नास किलोचा मुलगा एक किलो उतरला तर तो दोन टक्के सुकला. तेवढ्याने धावणं आणि निर्णय दोन्ही मंदावतात. त्या एका किलोमागे पुढच्या काही तासांत दीड लिटर पाजायचं, एकदम नाही.

आता मैदान. पिशवीत पन्नास मीटरची टेप ठेवा आणि पोचल्यावर रुंदी मोजा. याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि सामना इथेच जातो. नियमाने मैदानाची रुंदी ४५ ते ९० मीटरमध्ये काहीही चालते. तुमचा सराव ६८ मीटर रुंद मैदानावर होत असेल तर टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेपासून, पेनल्टी बॉक्सची कड जवळजवळ चौदा मीटरवर असते. ५५ मीटरच्या मैदानावर ती सव्वासात मीटरवर येते, आणि जवळचा गोलपोस्ट तीस मीटरऐवजी चोवीसवर. म्हणजे चांगल्या फेकीच्या मुलाचा थ्रो-इन थेट गोलसमोर पडतो. यजमानांना प्रत्येक थ्रो-इन हा कॉर्नरच असतो आणि तुमचा बचाव मात्र तो साधा थ्रो-इन समजून उभा राहतो. अशा मैदानावर टचलाइनजवळ चेंडू बाहेर मारून ‘सुटलो’ म्हणायचं नाही. उंच मुलाला जवळच्या पोस्टपाशी उभा करा आणि एकाला फेकणाऱ्याच्या समोर, नियमाप्रमाणे दोन मीटर सोडून.

चेंडू यजमानांचा असतो. नियमात दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फियर चालतो, म्हणजे गेजवर साडेआठपासून साडेपंधरा पीएसआयपर्यंत. दोन्ही टोकांचे चेंडू नियमातच बसतात, पण पहिल्याच स्पर्शाला कडक चेंडू पायावरून दोन हात लांब उडतो. जाण्याआधीच्या आठवड्यात निम्मा सराव मऊ चेंडूने, निम्मा कडक चेंडूने घ्या. साधा गेज असलेला पंप एवढ्यासाठी पुरतो.

बूट दोन जोड. हिवाळ्यानंतर आपल्याकडची मैदानं वाळून दगड होतात. बुटाच्या तळाचे लांब खुंट, म्हणजे स्टड, रुततच नाहीत, मुलगा खडावा घातल्यासारखा चालतो. तिथे आणि कृत्रिम गवतावर आखूड, जास्त संख्येचे रबरी स्टड लागतात. कृत्रिम गवत दुपारच्या उन्हात नैसर्गिक गवतापेक्षा फारच तापतं. वॉर्म-अप कडेच्या सावलीत घ्या आणि पंचांकडे कूलिंग ब्रेक मागा. नियमात दीड ते तीन मिनिटांचा ब्रेक आहे, मागायला लाजू नका.

एवढं करूनही पहिल्या पंधरा मिनिटांत गोल जात असतील, तर मग भीतीबद्दल पुन्हा लिहा.

पंच यजमानांना झुकतं माप देतात, हे खरं की हरलेल्यांचं रडगाणं? (रावपुरा)

दोन्ही. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस पंचांना एकाच सामन्यातले टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. पुढे २०२०-२१ मध्ये स्टेडियम जवळजवळ रिकामीच राहिली, तेव्हा प्रीमियर लीगमध्ये ३८० सामन्यांत पाहुणे १५३ जिंकले आणि यजमान १४४. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत पाहुणे पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे झुकतं माप आहे, पण पंच विकले गेलेले नसतात. त्यांचे कान शाबूत असतात, एवढंच. तुमचा संघ ०-३ ने हरला असेल तर मात्र पंचांना सोडा.

आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीगमधल्या) एका कोचचा बाहेरचा रेकॉर्ड आम्ही मित्र काढतोय. काय काळजी घ्यावी? (सयाजीगंज)

२०२० ते २०२२ हे दोन हंगाम वेगळे काढा. ते सगळे सामने गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथे, आणि २०२२ चा अंतिम सामना सोडला तर प्रेक्षकांविना. कागदावर ‘होम’ आणि ‘अवे’ होतं, पण प्रवास नव्हता आणि गर्दीही नव्हती. तसंच मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे दोन संघ तिथल्याच सॉल्ट लेक स्टेडियमवर भिडतात तेव्हा पाहुणा कोण हे तिकिटावरच वाचावं लागतं. तोही सामना बाजूला ठेवा.

युरोपात दोन लेगच्या (एक सामना घरी, एक बाहेर अशा) लढतीत बाहेर केलेला गोल आता जड का धरत नाहीत? (अलकापुरी)

दोन लेगची बेरीज सारखी झाली तर बाहेर जास्त गोल करणारा संघ पुढे जायचा. युरोपच्या फुटबॉल महासंघाने, युएफाने, तो नियम १९६५ मध्ये आणला आणि २०२१-२२ पासून काढला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या स्पर्धांत यजमान ६१ टक्के सामने जिंकत आणि पाहुणे १९ टक्के. काढताना तेच आकडे ४७ आणि ३० झाले होते. बाहेर गोल करणं पूर्वीइतकं अवघड राहिलं नव्हतं. शिवाय पहिल्या लेगचे यजमानच पाहुण्यांचा गोल होऊ नये म्हणून दारं लावून खेळायला लागले होते. आता दोन लेग मिळून बरोबरी झाली की जादा वेळाची तीस मिनिटं आणि पेनल्ट्या दुसऱ्या लेगच्या यजमानांच्या मैदानावर होतात. पूर्वी त्या तीस मिनिटांतही पाहुण्यांचा गोल जड पडायचा. तेवढाही दिलासा आता त्यांना नाही.